पोलवरची पकड: नाशिकच्या बॅचमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडच्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही दोन पोल लावून पोल डान्स शिकवतो. नवीन येणाऱ्या जवळपास प्रत्येकीचा (आणि हल्ली प्रत्येकाचाही) पहिला प्रश्न पकडीचाच असतो. व्हॉट्सॲपवर तेच ते टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते आहे.

माझ्या हातात ताकदच नाही. मला जमेल का?

जमेल. पकड म्हणजे मुठीची ताकद, हा समज घेऊनच सगळ्या येतात, आणि पहिल्या दिवशी पोल असा आवळतात की तो पळूनच जाणार आहे. दहा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगडासारखा होतो आणि पुढचा तास वाया जातो.

पोलवर शरीर तोलून धरण्याचं काम तळहात एकटा करत नाही. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची खोबण, पोटरी, पावलाचा वरचा भाग, काख, कोपराचा आतला खळगा, कधी कंबरेचा बाजूचा भागही ते काम करतो. कुठल्याही होल्डमध्ये, म्हणजे पोल धरून थांबायच्या स्थितीत, मी आधी विचारते, ‘आत्ता पोलला किती जागी चिकटली आहेस?’ उत्तर ‘दोन’ आलं तर तिसरी जागा शोधायची. साध्या पोल सिटमध्ये, म्हणजे मांड्यांत पोल धरून बसताना, मांड्या नीट आवळल्या तर दोन्ही हात सोडता येतात. हे पहिल्यांदा जमतं तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग हात नेमका ठेवायचा कसा?

हे सावकाश वाचा, कारण निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

पोलसमोर उभ्या राहा. वरचा हात डोक्याच्या थोडा वर जाऊ द्या, कोपर किंचित वाकलेलं. पोल तळहाताच्या मधोमध आडवा येता कामा नये. तर्जनीच्या मुळापासून करंगळीखालच्या जाड मांसल भागापर्यंत तो तिरका बसला पाहिजे. चारही बोटं एका बाजूने, अंगठा दुसऱ्या बाजूने. अंगठ्याने विळखा पूर्ण केला की बेसबॉल ग्रिप झाली. शिकताना नव्वद टक्के वेळ हीच लागते.

आता बोटांकडे बघा. नखं पांढरीफटक पडली असतील तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त आवळताय. थोडं सैल करा, हात घसरायला लागेल तिथपर्यंत. मग तिथून केसभर घट्ट करा. तेवढीच पकड पुरते. हा खेळ मी प्रत्येकीला पहिल्या दिवशी पाच वेळा करायला लावते.

यानंतर खांदा. लटकताना खांदा कानाला जाऊन भिडला की सगळा भार सांध्यावर आणि बोटांवर येतो. खांद्याचं पातं खाली, मागच्या खिशात घालतोय असं ओढा. पाठीचे मोठे स्नायू कामाला लागले की मुठीचं ओझं एकदम हलकं होतं. ‘मॅडम, पोल आज कमी घसरतोय’ असं मला सांगतात तेव्हा पोल तोच असतो, खांदा खाली आलेला असतो.

स्प्लिट ग्रिप, कप ग्रिप, ट्विस्टेड ग्रिप: यात फरक काय?

स्प्लिट ग्रिपमध्ये वरचा हात ओढतो आणि खालचा ढकलतो. खालच्या हाताची तर्जनी पोलला लागून जमिनीकडे रोखलेली असते. गफलत अशी होते की सगळं लक्ष वरच्या हाताकडे जातं आणि खालचा नुसता पाहुण्यासारखा पोलवर ठेवलेला असतो. खालच्या हाताने खरोखर ढकललं नाही तर शरीर पोलपासून लांब जाणारच नाही.

कप ग्रिपमध्ये अंगठाही बोटांच्याच बाजूला जातो. काही स्पिनमध्ये (पोलभोवतीच्या गिरक्यांत) मनगटाला मोकळीक मिळते म्हणून ती वापरतात. विळखा अपुरा असल्यामुळे घामट हाताला ती नको.

ट्विस्टेड ग्रिपमध्ये वरचा हात उलटा पिळून पोल धरतात, अंगठा खाली. दिसायला झकास, पण खांदा आतल्या बाजूला पिळलेला असताना त्यावर पूर्ण वजन येतं. पहिल्या वर्षात मी कुणालाही शिकवत नाही. रील बघून घरी करून पाहिली म्हणून खांदा धरून आलेल्या दोघी आठवतात. पुढे दोन-तीन महिने त्या नुसत्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होत्या.

हाताला खूप घाम येतो. काय लावू?

आधी काय लावू नका ते सांगते. टाल्कम पावडर नको, ती मऊ आणि निसरडी असते. आणि कृपा करून कॅरमची पावडर आणू नका. हसू नका, एका पोरीने खरंच आणली होती, घरात होती म्हणून. सोंगटी बोर्डावरून सुळकन सरकावी म्हणून जी बनवलेली असते, ती हाताला लावून आपण छताकडे चढणार!

लिक्विड चॉक आणा. जिमच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. मॅग्नेशियम कार्बोनेट अल्कोहोलमध्ये कालवलेलं असतं. अल्कोहोल उडून जातं आणि घाम शोषणारा पांढरा थर हातावर राहतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरतं. दोन्ही तळवे आणि बोटांच्या पेरांमध्ये चोळा, पूर्ण वाळू द्या आणि मगच पोलला हात लावा. बहुतेक जणी वाळण्याआधीच धरतात आणि मग ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणतात.

हाताला लावायची दुसऱ्या प्रकारची ग्रिपं (यांनाही ग्रिपच म्हणतात) चिकटपणा देणारी असतात. ती कोरड्या त्वचेसाठी. घामावर चिकट ग्रिप लावलं तर चिखल होतो. आपली त्वचा कुठल्या जातीची, हे ओळखल्याशिवाय महागड्या बाटल्या घेऊ नका.

पोल नसतानाही, परीक्षेत पेपर ओला होण्याइतका घाम हाताला येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्यावर औषधं आहेत, लाजण्यासारखं काही नाही.

डिसेंबरमध्ये सकाळच्या बॅचला घाम अजिबात नसतो, तरी घसरतं. असं का?

नाशिकची थंडी! निफाडचा पारा पेपरात यायला लागला की आमच्याकडे घसरण्याच्या तक्रारी सुरू होतात. त्वचा पार ओली असली तरी घसरते आणि पार कोरडी पडली तरी घसरते. पकड चांगली बसते ती अगदी किंचित दमट, कोमट त्वचेला. त्यात सकाळी सहाला स्टीलचा पोल बर्फासारखा गार असतो आणि गार धातूवर गार हात टिकत नाही.

म्हणून हिवाळ्यात वॉर्म-अप पंधराऐवजी पंचवीस मिनिटं. कपाळावर घाम आला की पोलकडे यायचं. पहिली दहा मिनिटं पोलला मांड्या-पोटऱ्या टेकवून साध्याच हालचाली करायच्या, म्हणजे पोलही तापतो. कोरड्या त्वचेसाठी मॉइश्चरायझर आदल्या रात्री लावा, क्लासच्या दिवशी अजिबात नको.

पावसाळ्यात सगळं उलटं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा पोलवरच बसतो. दर दोन-तीन प्रयत्नांनंतर कोरड्या सुती फडक्याने पुसायचा आणि जिवावरच्या युक्त्या पुढे ढकलायच्या. एप्रिल-मेची दुपार मी बॅचसाठी ठेवतच नाही.

मी लहानपणी मल्लखांब केलाय. इथे उपयोग होईल?

भरपूर, आणि थोडी अडचणही. मी स्वतः दोरीच्या मल्लखांबावरून इथे आले, त्यामुळे हा माझा आवडता प्रश्न.

पेशव्यांच्या दरबारातले बाळंभटदादा देवधर यांना मल्लखांबाची विद्या सप्तशृंगीच्या गडावर मिळाली, अशी कथा आपल्याकडे सांगतात. तो वणीचा गड इथून साठेक किलोमीटरवर. तेव्हा खांबावर चढणं ही परक्यांची गोष्ट, असं नाशिककराने म्हणू नये.

ज्यांनी अढी घातली आहे त्यांना मांडी-पोटरीने खांब धरणं वेगळं शिकवावं लागत नाही. बगली केलेल्यांना काखेत पोल धरताना कुठलं मांस कुठे दाबायचं हे अंगवळणी पडलेलं असतं. उलटं लटकल्यावर गोंधळून न जाणं, ही तर सगळ्यात मोठी शिदोरी.

अडचण अशी, की मल्लखांब लाकडाचा, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता. त्याला एरंडेल चोळतात, कातडी सोलवटू नये आणि अंग सरकतं राहावं म्हणून. तिथे खांबाला मिठी मारायची सवय लागते. इथला पोल ४५ मिलिमीटरचा, गुळगुळीत आणि सरळ. त्याला तेलाचा थेंबही चालत नाही. मल्लखांबवाले सुरुवातीला अंग पोलला फार चिकटवतात, हात लांब ठेवून ढकलायचं विसरतात. महिनाभरात सुटतं. दोरीवाल्यांना आणखी एक खोड असते, पायाच्या अंगठ्यात काहीतरी पकडायला शोधत राहतात. माझी अजून गेलेली नाही.

शॉर्ट्स घालायलाच हव्यात का? घरी काय सांगू?

पोलवर हव्यात. कापड धातूवर घसरतं, त्वचा धरते, इतका साधा हिशोब आहे. मल्लखांबपटू लंगोटावर उतरतात त्यामागेही हेच कारण आहे आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

पहिले दोन-तीन क्लास लेगिंग्ज घालून या, जमिनीवरचं आणि हाताचं काम तेवढ्यात होतं. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. सुरुवातीला मी हॉल शोधत होते तेव्हा एका ठिकाणी ॲडव्हान्स घेतल्यावर ‘पोल डान्स’ हे शब्द ऐकून दुसऱ्या दिवशी नकार आला. तेव्हापासून मी एक करते: आईला, सासूबाईंना, नवऱ्याला, ज्यांना शंका आहे त्यांना एक क्लास बघायला बोलावते. नाच बारमधून पुढे आला हे मी लपवत नाही. त्याचबरोबर २०१७ साली जागतिक क्रीडा महासंघाने पोल स्पोर्ट्सला निरीक्षक दर्जा दिला, हेही सांगते. एक सासूबाई तास संपल्यावर म्हणाल्या, ‘हे तर आमच्या गावच्या तालमीतल्यासारखं आहे, फक्त मुली घाम गाळतायत.’ सून पुढच्या महिन्यापासून रिक्षाऐवजी त्यांच्याच स्कूटीवर मागे बसून यायला लागली.

मांडीवर काळेनिळे डाग पडलेत. चुकतंय का काही?

नाही. पोल सिट शिकताना मांडीची आतली बाजू सगळ्यांचीच रंगते. त्याच जागी रोज रोज नको, एक दिवस सोडून करा. पाच-सहा आठवड्यांत त्वचा सरावते.

पण दुखण्या-दुखण्यात फरक असतो. कातडीला चिमटा बसल्यासारखं, भाजल्यासारखं वाटणं हे नेहमीचं. सांध्यात कळ येणं, बोटांना मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपेत खांदा ठणकणं, यापैकी काहीही असेल तर थांबा. कोपराच्या आतल्या हाडाशी दुखणं हे पोलवाल्यांचं ठरलेलं दुखणं आहे. सतत मूठ आवळल्याने तिथले स्नायुबंध चिडतात. कॉफीचा मग उचलताना तिथे कळ आली तर दोन आठवडे पोल बंद आणि फिजिओथेरपिस्टकडे जा. ‘सहन होतंय’ म्हणून ओढत राहिलात तर दोन आठवड्यांचे सहा महिने होतात. माझे झाले होते.

घरी पोल नाही. पकडीसाठी काय करू?

जवळच्या उद्यानात ओपन जिमचा बार असतो, तिथे लटका. दहा सेकंद लटकायचं, मिनिटभर विश्रांती, असं पाच वेळा. एक दिवसाआड. खांदे कानापासून खाली. दहा सेकंद सहज जमायला लागले की पंधरा.

बारवर टॉवेल टाकून त्याची दोन टोकं धरून लटकणं याहून कठीण, पण बोटांसाठी फार गुणकारी. तेवढं जमत नसेल तर बादलीत जाड टॉवेल भिजवून दोन्ही दिशांनी पिळा, थेंब पडायचा थांबेपर्यंत. घरातली चादर पिळायची संधीही सोडू नका.

सगळे विसरतात ते शेवटी. बोटं मिटायचा व्यायाम केला तेवढाच उघडायचाही करा. पैशांच्या बंडलाला लावतात ते रबरबँड पाचही बोटांच्या टोकांभोवती अडकवून बोटं फाकवायची, वीस वेळा. टीव्ही बघता बघता होतं. वर सांगितलेलं कोपराचं दुखणं टाळायचं तर हे हवंच.

सातपूरच्या फॅब्रिकेटरकडून स्टीलचा पाइप बनवून घेतला तर? तयार पोल फार महाग आहे.

हा नाशिकचा खास प्रश्न. एमआयडीसी हाताशी असल्यावर सुचणारच.

पहिली अडचण मापाची. बाजारातला दीड इंची पाइप बाहेरून मोजला तर ४८.३ मिलिमीटर भरतो आणि सव्वा इंची ४२.४. आपल्याला हवे ४५. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण लहान हाताच्या मुलीची बोटं आणि अंगठा तेवढ्यानेच भेटेनासे होतात. कुठलाही पोल मोजायचा असेल तर शिंप्याची टेप गुंडाळा: ४५चा पोल घेराला साधारण १४.१ सेंटिमीटर भरतो, ५०चा १५.७. टेप पर्समध्ये ठेवा, नवीन ठिकाणी शिकायला जाल तेव्हा कामी येते.

दुसरी आणि खरी अडचण वर-खालच्या जोडाची. पोलवर माणूस फिरतो तेव्हा बाजूने जोर बसतो, आणि वेल्डिंग किंवा बेअरिंग त्या हिशोबाने केलेलं नसेल तर ते एक दिवस सुटतं. पाइप बनवणारा हुशार असतो, पण तो रेलिंग समजून बनवतो. इथे पैसे वाचवू नका.

तयार पोल घेतलात तरी फ्लॅटमध्ये लावताना छत बघा. दाबावर बसणारे पोल खऱ्या स्लॅबला किंवा बीमला टेकले पाहिजेत. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला टेकवलात तर पोलसकट सीलिंग अंगावर.

धातूबद्दल थोडक्यात: क्रोम सगळीकडे चालतो. पितळ जास्त धरतं, घामट हातांना आवडतं. नकली कानातल्यांनी कान खाजत असतील तर निकेलची ॲलर्जी असू शकते. क्रोमखाली बहुधा निकेलचाच थर असतो, म्हणून अशांनी स्टेनलेस स्टील बघावं.

होल्डमध्ये असताना पकड सुटायला लागली तर?

सुटायला लागली हे कळतं का, हा खरा प्रश्न आहे.

माझी गोष्ट सांगते. तिसऱ्या वर्षी, एका बाहेरच्या वर्कशॉपमध्ये, मी गुडघ्याच्या खोबणीवर उलटी लटकले होते. त्या सकाळी केसांना तेल लावून वेणी घातली होती. हात धुतले होते, पण मान पुसताना, बट मागे सारताना तेच हात परत तेलकट झाले आणि मग पोटरीला लागले. पाय पहिल्यांदा बोटभर सरकला. मला कळलं. फोटो काढणारी ‘एक सेकंद, एक सेकंद’ म्हणत होती, म्हणून मी थांबले. दुसऱ्यांदा सरकला तो थांबलाच नाही. खाली गादी होती, ती जेमतेम सतरंजीएवढी. खांद्यावर पडले, मान वाचली.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पहिल्या बोटभर सरकण्याला उतरायचं. फोटो राहू दे. त्याच पकडीत पुन्हा आवळून बघायचं नाही, कारण दमलेला हात दुसऱ्यांदा आवळल्यावर आधीपेक्षा कमीच धरतो.

आणि कुठलाही होल्ड शिकवताना मी आधी त्यातून उतरणं शिकवते. उलट्या स्थितीत हात आधी पोलवर परत यायला हवेत, मग पाय सोडायचे. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, पाय आधी सोडतो. म्हणून गादीवर, कमी उंचीवर, उतरणं एवढं घोटायचं की घाबरल्यावरही तेच घडेल. क्रॅश मॅट दहा-बारा सेंटिमीटर जाडीची हवी. योगा मॅट म्हणजे क्रॅश मॅट नव्हे. उलटं होताना शेजारी सांभाळणारं कुणीतरी हवंच.

उलटं कधी व्हायचं?

पोल धरून, दोन्ही पाय उचलून, गुडघे छातीशी घेऊन पाच सेकंद झोका न घेता थांबता आलं की. दोन्ही बाजूंनी. महिने मोजू नका.

दोन्ही बाजूंनी म्हणजे? मी उजवी आहे.

म्हणूनच. डाव्या बाजूने आधी करा, अंगात जोर असताना.

माझं वजन ८५ आहे.

मग? पोल त्याहून बरंच जास्त पेलतो. हातावरच्या लटकण्याला थोडा जास्त वेळ लागेल, मांडीची पकड मात्र तुम्हाला बहुधा बारीक मुलींपेक्षा लवकर लागेल. मांसल मांडी पोलला छान धरते. बारीक मुली इथे रडतात.

अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी?

सगळं काढून. अंगठीने पोलवर ओरखडा उठतो आणि तो पुढच्या माणसाची कातडी कापतो. अंगठी अडकून बोटाला होणारी इजा तर विचारूच नका. जोडव्यांना खूप जणी विसरतात. दाराजवळ स्टीलचा डबा ठेवलाय, त्यात प्रत्येकीची नावाची पिशवी आहे. मंगळसूत्र काढायचं नसेल तर जमिनीवरचा वॉर्म-अप आणि ताकदीचे व्यायाम करा, पण गळ्यात काहीही घालून पोलवर चढू देणार नाही. यावर वाद घालत नाही.

वॅक्सिंग केलेल्या दिवशी चालेल?

एक दिवस जाऊ द्या. त्वचा हुळहुळी असते, आणि वॅक्सनंतर लावलेलं तेल दोनदा आंघोळ करूनही निघत नाही.

पोल कशाने पुसायचा?

क्रोम आणि स्टीलसाठी कोरडं मायक्रोफायबर फडकं आणि वर थोडं रबिंग अल्कोहोल, प्रत्येकीच्या पाळीआधी. पावडर कोटिंग असलेल्या पोलला अल्कोहोल वापरण्याआधी बनवणाऱ्याची सूचना वाचा, रंगाचा थर खराब होऊ शकतो. नुसत्या पाण्याने पुसू नका, बोअरचं पाणी असेल तर क्षाराचे पांढरे डाग उरतात. फडकं धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, तेच पोलवर उतरतं. आणि आपलं फडकं आपण आणा, माझी सहा हरवली आहेत.